बेटावरच्या खाणावळीचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, तेव्हा घाबरू नका. पाढे माझ्या अंगावर कधी कोणी लिहिले नाहीत. मी एका लहानशा बेटावरच्या खाणावळीचा फळा. सुट्टीत बेट पाहायला आलेली माणसं लाँचमधून उतरली, की पोहायला धावण्याआधी मला वाचतात. आज जेवायला काय आहे, ते मीच त्यांना सांगतो.

मी पूर्वी एका मोडक्या होडीच्या केबिनचं दार होतो. खाणावळवाल्या काकूंचे यजमान होड्या दुरुस्त करायचे. त्यांनी मला रंधा मारला, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि काथ्याच्या दोरीने दाराशेजारी टांगलं. बिजागऱ्यांची भोकं माझ्या अंगावर अजून आहेत.

होड्या परतल्या की टोपलीत काय पडलं ते बघून काकू खडू हातात घ्यायच्या. तळलेला मासा, रस्सा, भात, शहाळं, लिंबू सरबत. अक्षर टपोरं, फक्त शहाळ्यातला ‘ळ’ दरवेळी ओळीखाली घसरायचा. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

काकूंचा एक हट्ट होता. पदार्थ संपला, तरी त्या ‘संपला’ असं लिहीत नसत. नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. तशा वळणात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. मासा संपला, की त्या लिहायच्या, ‘मासा वाढला.’

“आई, लोकांनी काय समजायचं यातून?” सून म्हणायची. ती तोंडाने फटकळ होती, पण सासूवर तिचा जीव होता.

“अगं, भरल्या घराच्या दारावर ‘संपलं’ लिहू नये,” एवढंच काकूंचं उत्तर.

एकदा लाँच दोन तास उशिरा आली. तोवर सकाळच्या फेरीत आलेल्या मंडळींनी भांडी रिकामी केली होती. लाँचमधून एक निवृत्त मास्तर उतरले, सोबत मुलगी, जावई आणि दोन नातवंडं. मास्तरांनी मला मोठ्याने वाचलं, “मासा वाढला. भात वाढला.” आणि ते खूश झाले. “चला, हात धुवा पटापट! आपण यायच्या आत वाढलंय म्हणे!”

सगळे हात धुऊन बाकावर बसले. काकूंनी आतून पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, “जेवण नाही हे कळलं वाटतं त्यांना. बसू दे बापडे सावलीला. शहाळी दे.” शहाळी आली. आणखी शहाळी आली. मुलांची पोटं पाण्याने डब्ब झाली, पण ताट काही येईना. तासाभराने लाँचचा भोंगा वाजला, तेव्हा मास्तर आत गेले.

“अहो, वाढलंय ना? मग आणताय कधी?”

“वाढलं म्हणून तर नाही आणलं!” काकू म्हणाल्या.

आज तुम्हाला हसू येईल, मित्रांनो. तेव्हा कोणी हसलं नाही. धाकटी नात भुकेने रडत लाँचमध्ये चढली. लाँचवाला संतापला. “काकू, पुन्हा असं झालं तर मी माणसं पलीकडच्या हॉटेलात नेईन.” त्याची लाँच आली नाही, तर आमची चूल पेटायचं कारणच उरलं नसतं. काकूंचा चेहरा उतरला. चूक शब्दाची होती, पण बोट माझ्याकडे गेलं.

आठवड्याभरात माझ्या जागी रंगीत फ्लेक्स लागला. त्यावर बारा पदार्थांचे फोटो होते. मला मागच्या पडवीत पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. ओल धरून माझी एक कड फुगली. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं राबल्यावर कोणालाही वाटेल.

पण फ्लेक्सला समुद्रातलं काय कळणार? तो रोज बारा पदार्थ दाखवायचा, आणि टोपलीत असायचे दोन किंवा तीन. लोक फोटोवर बोट ठेवायचे आणि सून दिवसभर “नाही”, “संपलं”, “तेही संपलं” म्हणत फिरायची. जो शब्द काकूंनी दारावर येऊ दिला नव्हता, तो आता घरभर झाला. लोक कुरकुरत उठू लागले. लाँचवाला पुन्हा कपाळाला आठ्या घालू लागला.

पुढच्या सुट्टीत तेच मास्तर आले. दारातच थबकले. “आम्हाला उपाशी ठेवणारा तो फळा कुठाय?” आणि पोट धरून हसले. “अहो, तो निदान आजचं तरी सांगायचा!”

सुनेने पिंपावरून मला उचललं, पुसलं, उन्हात वाळवलं. मग सासू-सुनेत तह झाला. ‘संपला’ही नाही आणि ‘वाढला’ही नाही. जे संपेल ते नुसतं पुसायचं. जे फळ्यावर आहे, ते घरात आहे. लाँचवाल्याला हे इतकं पटलं, की तो किनाऱ्याला लागायच्या आधीच लांबून मला वाचायचा आणि माणसांना ओरडून सांगायचा.

त्यानंतर काकूंनी नऊ वर्षं लिहिलं. मग डोळे अधू झाले, तेव्हा त्या सांगायच्या आणि सून लिहायची. गेल्या वर्षी काकू वारल्या. तीन दिवस मी कोरा होतो.

चौथ्या दिवशी लाँच येणार होती. सून खडू घेऊन माझ्यासमोर आली. मग तिने सगळ्यात वर लिहिलं, ‘काकू’. खाली मासा, रस्सा, भात, शहाळं.

लाँचवाल्याने लांबून वाचलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

मित्रांनो, माझ्यावर पाणी ओतू नका, मला पावसात ठेवू नका, खडूऐवजी खिळ्याने रेघोट्या मारू नका. कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. संध्याकाळी मासा पुसा, भात पुसा, शहाळं पुसा. वरची ओळ मात्र पुसू नका. जे फळ्यावर आहे, ते घरात आहे.