माधवनगरची पितळी पाटी

मायाचं पत्र आलं तेव्हा गंगाधररावांनी ते दोनदा वाचलं, हातातल्या पुस्तकात खुणेला ठेवलं आणि उत्तर उद्या लिहू असं ठरवलं. पुढे ते पुस्तक वाचून झालं, त्याच्या नंतरचंही झालं, आणि पत्र एका पुस्तकातून दुसऱ्यात मुक्काम हलवत राहिलं. पावसाळा सरला तरी उत्तर काही गेलं नव्हतं.

पत्र आटपाडीच्या पलीकडच्या एका वाडीतून आलं होतं. लिहिणारी मुलगी कॉलेजात शिकत होती. 'आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर तुमच्या दुकानाची पितळी पाटी आहे. तिच्यावर फोन नंबर नाही, नुसता माधवनगरचा पत्ता आहे, म्हणून पत्र लिहिते. ब्लॉकला पुन्हा चीर गेली आहे. सांगलीचे एक व्यापारी तसाच दुसरा ब्लॉक देतो म्हणतात, पण आजी म्हणते पाटीवाल्यांना विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सांधावा की बदलावा, एवढं कळवा.'

पाटी गंगाधररावांच्या वडिलांची. माधवनगरला गिरण्या चालू होत्या तेव्हा तडकलेली यंत्रं सांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तापवून जोडायला गेलं की शेजारीच नवी चीर जाते, म्हणून ते बीड थंडच सांधायचे. चिरेवर एकाला एक लागून भोकं पाडायची, आटे काढायचे, प्रत्येकात खिळा पिळून बसवायचा आणि वरून कानशीनं घासून सपाट करायचं. बिडाला घातलेले टाकेच ते. गंगाधरराव हे त्यांच्या हाताखाली शिकले, पुढे दुकानही चालवलं, पण आपले टाके वडिलांसारखे बसत नाहीत ही रुखरुख कधी गेली नाही. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं तरी आठवडाभर त्यांना वाटत राही, की आता हे परत येणार. दुकान बंद करून ते पुस्तकांत शिरले तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं.

आणि आता हे. सांधा म्हणून लिहावं तर सांधणार कोण? सुई ओवतानाही त्यांची बोटं थरथरत. बदला म्हणून लिहावं, तर वडिलांचं काम टिकलं नाही असं आपल्याच हातानं लिहून दिल्यासारखं.

एक दिवस गोदावरीबाईंच्या हाती ते पत्र लागलं. त्यांनी ते वाचलं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"लोक तिकडे वाट बघतायत, आणि तुम्ही त्याची खूण करून ठेवलीत?"

"न बघता काय लिहू?"

"मग बघून या."

इतकं सरळ उत्तर त्यांना सुचलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पिशवीत खडू, रॉकेलची छोटी बाटली आणि बॅटरी घालून ते आटपाडीच्या गाडीत बसले.

वाडीत ट्रॅक्टर शोधायला लागला नाही. लिंबाखाली, ताडपत्रीच्या आडोशाला तो उभा होता, वरचं हेड आणि खालचं तेलाचं पात्र काढून ठेवलेला, दाढा काढलेल्या म्हाताऱ्यासारखा. माया कॉलेजला गेली होती. तिचे वडील, बिराप्पा, मेंढरांना पाला टाकत होते. त्यांनी पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं.

"सांगलीचं का पाव्हणं?"

माधवनगर सांगलीला लागूनच. "हो, सांगलीचा."

"शेटनी धाडलं म्हनायचं. पयलंच सांगतो, आई हूं म्हनत न्हाई तवर आमी ब्लॉक घेत न्हाई. बगायचं तर बगा."

मी तो नव्हे, असं म्हणायला गंगाधररावांनी तोंड उघडलं, तोवर बिराप्पांनी पाठ फिरवली होती. एकदा गेलेली वेळ त्यांना आयुष्यात कधी परत पकडता आली नव्हती.

बाजेवर बिराप्पांच्या आई, बनुबाई, बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "पाटीवालं सांगत्याल तसं करायचं."

"आये, त्यांचं उत्तर कुठं आलंय?"

"मेलं असलं तर तसं तरी कळवावं मानसानं."

गंगाधररावांनी कान तापलेले लपवायला बॅटरी पेटवली आणि ते इंजिनाकडे वळले.

पाटी काळवंडली होती. तिच्या बाजूला वडिलांचे टाके होते. हाताला कळतील एवढेच, डोळ्यांना नाही. अंगठा फिरवत ते टोकापासून टोकापर्यंत गेले. एकही खिळा उचलला नव्हता, कुठं ओलाव्याचा डाग नव्हता. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. आपण ट्रॅक्टर बघायला आलो की वडिलांना?

नवी चीर दुसऱ्या अंगाला होती. त्यांनी ती जागा पुसली, रॉकेल फिरवलं, कोरडं केलं आणि वर खडू घासला. मग पोतं अंथरून, बिराप्पा नको नको म्हणत असताना, ते ट्रॅक्टरखाली सरकले आणि तिथंही तेच केलं. थोड्या वेळानं चिरेत मुरलेलं रॉकेल पाझरून खडूवर काळी रेघ उमटली. रेघ पाण्याच्या कप्प्यापासून निघाली होती आणि खाली उतरत थेट क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ज्या बैठकीवर फिरतो तिथं पोचली होती. बाहेरच्या भिंतीला टाके घालता येतात, तिच्यावर नुसतं पाणी असतं. या बैठकीवर सगळ्या इंजिनाचा दणका असतो. इथं वडिलांनीही टाका घातला नसता.

हरणाबाईंनी, बिराप्पांच्या बायकोनं, चहा आणला. गंगाधररावांनी दबकत विचारलं, की यात पाणी कसं घालता. हरणाबाई हसायलाच लागल्या. त्यांनी सांगितलं, की आत्ती, म्हणजे सासूबाई, अंघोळ करायच्या ती या ट्रॅक्टरच्या पाण्यानं. ट्रॅक्टर रानातून आला की गरम पाणी खाली काढायचं, म्हणजे सरपणही वाचतं आणि पाणीही वाया जात नाही. ट्रॅक्टर बंद पडल्यापासून चुलीवरच्या पाण्याला त्या नावं ठेवत होत्या.

"विंजनाच्या पान्यानं गुडघं मोकळं व्हत्यात," बनुबाईंनी ठासून सांगितलं.

"आणि परत भरता कधी?"

पूर्वी सकाळी भरत, विहिरीचं. अलीकडे नळ आला, आणि नळाला पाणी संध्याकाळीच. मग इकडे आत्तींची बादली भरली की तिकडे लगेच नळी लावायची. सकाळला ठेवलं तर पिंपात पाणी उरत नाही.

गंगाधररावांनी चहाचा कप खाली ठेवला. बिराप्पांनी विचारलं, काय झालं म्हणून.

"मेंढरं पळवून आणली, धापा टाकतायत. लगेच पाण्यावर सोडता?"

"छ्या. ऊर फुटून मरत्याल."

एवढं म्हणून बिराप्पा थांबले. त्यांनी नळाकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे.

"ब्लॉक बदलावा लागेल," गंगाधरराव हळू आवाजात म्हणाले. "सांधून चालणार नाही."

बिराप्पांचा चेहरा लगेच घट्ट झाला. "व्हय, तुमी तेच म्हननार. आमचं पानी वाईट, आमची रीत वाईट, आन् तुमचा ब्लॉक तेवढा चांगला. गावातला वेल्डर डाग मारून देतोय. पेरनी काय तुमच्या शेटसाटी थांबत न्हाई."

तिथं नाव सांगायला हवं होतं. पण इतके महिने उत्तर न दिलेला माणूस, दुसऱ्याच कुणाच्या नावानं चहा पिऊन, आता म्हणतोय की पाटीवाला तो मीच! गंगाधररावांना स्वतःलाच ते खरं वाटेना. ते नमस्कार करून निघाले. गाडीत बसल्यावर मात्र डोळ्यांपुढून ती काळी रेघ हलेना. डाग मारून तो ट्रॅक्टर नांगराला जुंपला तर भर रानात बैठक तुटेल, आणि मग ब्लॉक कसला, इंजिनच शिल्लक राहणार नाही. खरं त्यांनी सांगितलं होतं, फक्त ते ऐकलं जाईल असा माणूस होऊन सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी गोदावरीबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. टेबलावरची पुस्तकं उचलून त्यांनी खिडकीत ठेवली आणि कागद पुढे सरकवला.

पहिला मजकूर दोन पानं झाला. त्यातलं दीड पान वडिलांच्या टाक्यांबद्दल होतं. गंगाधररावांनी तो वाचला आणि फाडला. दुसऱ्यात तापलेल्या इंजिनात नळाचं गार पाणी पडलं की बीड कसं तडकतं, याची सगळी मीमांसा होती. ती शास्त्राला धरून होती, पण ती वाचून बनुबाई पुन्हा त्या पाण्यानं अंघोळ करणार नाहीत, आपल्या बादलीपायी ट्रॅक्टर गेला असं मनाला लावून घेतील, हे ध्यानात आल्यावर तोही गेला. तिसरा मात्र त्यांनी एका दमात लिहिला.

'चि. माया, परवा ट्रॅक्टर बघायला आलेला माणूस मीच. व्यापाऱ्याचा नव्हे. पाटी माझ्या वडिलांची. तुमचा गैरसमज झाला तेव्हा मी बोललो नाही, ही माझी चूक. उत्तराला उशीर केला, तीही माझीच. ब्लॉक सांधू नका, बदला. डाग मारून अजिबात चालवू नका, वडिलांना हे वाचून दाखव. चीर जिथं गेली आहे तिथं माझे वडील असते तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. त्यांचा जुना सांधा धड आहे, नवी चीर वेगळी आहे. आजींची अंघोळ त्याच पाण्यानं चालू ठेवा, फक्त रात्रभर इंजिन कोरडं राहू दे आणि सकाळी भरा. त्यासाठी एक पिंप जास्तीचं ठेवावं लागेल. व्यापाऱ्याचा ब्लॉक मी ठोकून, आवाज ऐकून, खडू लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. कधी येऊ ते कळवा. खाली फोन नंबर देतो.'

'मला नीट पारखता येईल असं वाटतं,' असं शेवटी लिहिलं होतं. त्यातलं 'असं वाटतं' त्यांनी खोडलं, मग खाडाखोड दिसते म्हणून सगळं पत्र पुन्हा उतरवून काढलं.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट तोललं, पिनकोड विचारला, आणि पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय म्हणाली. गंगाधररावांनी तिथंच उभ्याउभ्या वडिलांच्या दुकानाचं नाव लिहिलं आणि त्याखाली स्वतःचं. मुलीनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.