आभाळ बंद होतं तोवर

चिमाजी कंपनीतून सुटला तो पेपर हातात घेऊन थेट मीरासाहेबांच्या ट्रक-गॅरेजात आला. "चाचा, तोंड गोड करा! हिंदुस्थान-पाकिस्तान विमानं पाच वर्षांनी पुन्हा सुरू. निघा आता कराचीला, लेकीकडं!"

मीरासाहेबांच्या हातातला पाना तसाच राहिला. पिंपरीत ही बातमी नको असलेला माणूस बहुधा तेवढा एकच असावा.

कराचीला दिलेली लेक ताजुन्निसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. एकाहत्तर साल ते. आधी आभाळ बंद झालं, मग लढाई पेटली आणि समुद्रही बंद. पुढं कुवेतच्या चुलतभावामार्फत जावयाचं पत्र आलं: मुलगी झाली, ताजू गेली. बायकोला, नूरबीला वाचता येत नव्हतं. मीरासाहेबांनी पत्रातली निम्मीच गोष्ट सांगितली. "पोरगी झाली. दोघी खुशाल हायती." नाव काय ठेवलं, असं तिनं विचारलं, तेव्हा तोंडाला आलं ते सांगून टाकलं, "कमरुन्निसा."

एक खोटं झाकायला शंभर. टपाल सुरू झालं तेव्हा म्हणाले, तिकडं सरकार पत्रं फोडून वाचतं, जावयाची नोकरी जाईल, लिहायचं नाही. दोन सरकारं भांडत होती तोवर त्यांचं निभावत होतं. भांडण मिटू नये असं मनात यायचं आणि स्वतःचीच शिसारी वाटायची. फार थकले होते ते.

घरी नूरबी दुपटं घेऊन बसली होती. जुन्या लुगड्याचं, बाळंतपणासाठी शिवलेलं. नात वाढली असणार म्हणून दरवर्षी त्याला एक पट्टी जोडायची. आता ते चांगलं गोधडीएवढं झालं होतं.

"चिमाजी सांगून गेला," ती हसत म्हणाली. "अहो, कमरूला पुरंल का हो?"

मीरासाहेब उंबऱ्यातच बसले. "नूर, ताजू न्हाई. तवाच गेली, बाळंतपणात. मी लपवलं."

सुई थांबली. तिनं विचारलं, "आन् कमरू?"

"पोर हाय. पर ते नाव मीच ठिवलं. खरं काय, ठाऊक न्हाई. जावयाला उत्तरच धाडलं न्हाई मी."

नूरबीनं दुपट्यावरून हात फिरवला.

"रोज पाची नमाजांत त्याच नावानं मागत होते मी," ती म्हणाली. "मग माझी दुवा लागली कुणाला?"