मोडक्या वस्तूंचा तास

‘भूतकाळवाचक धातुसाधित विशेषण’ असं फळ्यावर लिहिलं, की अर्धा वर्ग पाणी प्यायला जातो, हे इंग्रजीच्या मास्तरांना अकरा वर्षांपूर्वीच कळून चुकलं होतं. मग त्यांनी फर्मान काढलं : घरातली एकेक मोडलेली वस्तू आणा. वस्तू हातात घ्यायची, तिचं काय झालंय ते सांगायचं, की विशेषण तयार. ब्रोकन चेअर, टॉर्न अंब्रेला, बर्न्ट पॅन. पोरं पटापट शिकली. वस्तू परत घ्यायला मात्र कुणाची आई तयार होईना. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा! घरं मोकळी झाली आणि वर्ग भरला.

यंदा शाळेचा पट सत्तावीसवर आला. तपासणीत इमारत आणि सामान ठीक निघालं तर शाळा राहणार, नाहीतर कुलूप.

“मास्तर, तेवढं भंगार हलवा हो,” मुख्याध्यापिकाबाई चौथ्यांदा म्हणाल्या.

“भंगार नाही बाई, शैक्षणिक साहित्य आहे.”

“ते साहेबांना कोण सांगणार?”

“माझी पोरं सांगतील की!”

पोरांनी सांगितलं. तपासनीस साहेबांनी खुर्चीकडे नुसतं बोट केलं, तशी पहिल्या बाकावरची वेणीवाली ताडकन उठली. “ब्रोकन चेअर, सर!” साहेबांनी लिहून घेतलं. “क्रॅक्ड मिरर!” तेही लिहिलं. “रस्टेड बकेट! स्टेन्ड कर्टन!” सगळा वर्ग चेकाळला. चाळीस वस्तू, एकही चूक नाही. मास्तरांचा ऊर भरून आला. साहेबांनी पान उलटून बाईंना विचारलं, “सगळंच सामान असं आहे?”

“साहेब, हे मुलांच्या घरचं आहे,” मास्तर घाईघाईने म्हणाले.

“असेल. फॉर्मात तसा रकाना नाही. आठ दिवसांत पालकांच्या सह्या आणा. ‘ही वस्तू माझी’, एवढंच.”

एवढंच! मास्तर आरसा काखोटीला मारून घरोघर निघाले.

“आमचा?” शिंपीदादा म्हणाला. “मास्तर, आमच्याकडे फुटकं काही नसतं.”

“शेजारचा असेल,” आतून त्याची बायको. “तिकडे सगळंच तसलं.”

शेजारीण म्हणाली, “सरकारी कागदावर लिहून द्यायचं? उद्या घरमालकाने वाचलं म्हणजे?”

वेणीवालीचे वडील चौकीदार होते. दारात ती त्यांच्या शेजारीच उभी होती. मास्तरांनी विचारलं, “बाळ, ती खुर्ची तूच आणलीस ना गं?”

तिने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. “नाही, सर.”

आठव्या दिवशी मास्तरांनी स्वतःच लिहून दिलं : चाळीसही वस्तू माझ्या. साहेबांनी कागद दोनदा वाचला. “म्हणजे घरची अडगळ तुम्ही शाळेत भरून ठेवलीत?”

शाळा बंद झाली. मास्तरांच्या नावाने वेगळा ठपका आला आणि सामान उचलायची मुदतही.

हातगाडीच्या तीन खेपा झाल्या. मास्तरीणबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

“अकरा वर्षांचं एवढंच?”

“एवढंच,” मास्तर म्हणाले. “जरा बाजूला सरक, खुर्ची आत घेतो.”