केवड्याचे उभे भारे

वनखात्याचा राखणदार आंसेल्म, त्याच्या डोक्यात त्या वर्षी एकच गोष्ट होती: डुलाच्या झाडाला फळ धरायला हवं. लागोपाठ तीन वर्षं झाड फुललं, केशरी फुलं कानातल्या डुलांसारखी लोंबली आणि फळ न धरताच गळून गेली. वनखात्याच्या मिस वीरापेन जूनमध्ये येऊन स्पष्टच बोलल्या, "यंदाही बी धरलं नाही, तर कुंपणाची जाळी दुसरीकडे नेणार. तुम्हालाही तिकडेच पाठवू." कुंपण गेलं की हरणं आणि रानडुकरं आठवडाभरात झाडाचा फडशा पाडणार, हे शेंबडं पोरही सांगेल. अन् त्या उतारावर हे एकच झाड उरलेलं.

स्वस्थ बसेल तर तो आंसेल्म कसला! आधी त्याने कुंचला आणून फुलाफुलाला पराग लावला. पण या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचाच लागतो. ती दुसरी झाडं पलीकडच्या कड्याला लटकलेली, बकरीसुद्धा जिथे पाय टाकणार नाही अशा जागी. तिथून पराग आणणारी एकच, हिरवी पाल. फुलातला रस चाटायला ती तोंड आत घालते आणि नाकाला पराग माखून पुढच्या झाडावर जाते. मग या शहाण्याने पालीला बोलवायला बुंध्याशी पेरूचा मुरांबा ठेवला. झालं! डोंगरभरच्या मुंग्या गोळा झाल्या, आणि मुंग्यांच्या वाऱ्याला पाल उभी राहत नाही. दोन दिवस बिचारा मुंग्या झाडत बसला.

"मुरांबा शिल्लक असेल तर इकडे दे, मी तरी पोळीला लावीन," कुंपणाखालच्या घरातून एदोक्सी ओरडली.

एदोक्सी केवड्याच्या पातीच्या चटया आणि पिशव्या विणायची. तिचं घर कुंपणाच्या खालच्या अंगाला, आणि घरामागून थेट कड्यापर्यंत केवड्याचा पट्टा, तिच्या नवऱ्याने, फेलिसियँने लावलेला. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. आंसेल्म रोज दुपारी तिच्या ओट्यावर व्हॅनिलाचा चहा प्यायचा, "येतो मादाम एदोक्सी" म्हणायचा आणि वर जायचा. अकरा वर्षांचा शिरस्ता.

ऑगस्टमध्ये झाडाचा बहर भरात आला आणि त्याच आठवड्यात एदोक्सीने कोयता हाती घेतला. कोरड्या दिवसांतच पात कापायची असते. तिची लेक जिस्लेन ऑक्टोबरात बाळाला घेऊन शेजारच्या रेयुनियों बेटावरून येणार होती. बाळाचा बाप्तिस्मा इथेच करायचा, आणि त्या दिवशी त्याला आजोबांनी लावलेल्या केवड्याच्या चटईवर निजवायचं, हा एदोक्सीचा हट्ट.

आंसेल्म भारे बांधू लागला होता. एवढ्यात एका पातीच्या बेचक्यातून हिरवी पाल उडाली, एदोक्सीच्या पदरावर आपटली आणि कुंपणाच्या दिशेने पळत सुटली. केवडा जिथे संपला तिथे ती थबकली. पुढे बोडकी जमीन, वर ससाणा घिरट्या घालतोय. पाल मान वर करून बघत राहिली आणि आल्या वाटेने परत फिरली.

आंसेल्मच्या हातातला दोर तसाच राहिला. तीन वर्षं! तीन वर्षं एदोक्सी कुंपणालगतचा केवडा बुंध्यासकट तोडत होती. कड्याकडून येणारी पाल इथवर येऊन परत जात होती, आणि हा मुरांबे मांडत बसला होता. पण तिला सांगायचं कोणत्या तोंडाने? चटई नको विणूस म्हणून? तो चहा न घेताच वर जायला निघाला.

"काय रे, साप चावला का?" एदोक्सीने हटकलं.

"काही नाही, मादाम."

"मादाम गेली खड्ड्यात. शाळेत माझ्या वेण्या ओढायचास तेव्हा होते का मी मादाम? बोल."

त्याने अडखळत सांगितलं. एदोक्सीने कोयता खाली ठेवला.

"फेलिसियँ ती कुंपणालगतची झाडं तोडूच द्यायचा नाही," ती म्हणाली. "पालींची पिल्लं असतात म्हणायचा. मला वाटायचं, कामाचा कंटाळा. शिव्या घातल्या रे मी त्याला!" तिने डोळे पुसले आणि उठली. "चल, भारे उचल."

"कुठे?"

"तुझ्या झाडाकडे. उभे करू."

"पावसाची भुरभुर येते तिथे. पात काळी पडेल. चटईचं काय?"

"उचल म्हणते ना!"

दोघांनी केवड्याच्या टोकापासून झाडापर्यंत बोडक्या जमिनीवर भारे उभे केले, एकाला एक टेकवून, फटी बुजवून. तिसऱ्या दिवसापासून भुरभुर सुरू झाली. पात भिजली, वाळली, पुन्हा भिजली. आंसेल्मला ते बघवेना. नवव्या दिवशी, ऊन पडल्यावर, शेवटच्या भाऱ्याच्या शेंड्यावर हिरवं काहीतरी हललं. पाल फांदीवर आली, तिचं नाक कड्यावरच्या परागाने आधीच पिवळंधमक झालेलं, आणि तसंच ते एका फुलात घालून ती रस पिऊ लागली. आंसेल्म कुंपणाला धरून लहान पोरासारखा रडला.

ऑक्टोबरात मिस वीरापेन आल्या. टम्म फुगलेली फळं त्यांनी बोटांनी चाचपली, हसल्या आणि म्हणाल्या, "जाळी राहील. तुम्हीही."

दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा. घर माणसांनी भरलेलं. एदोक्सीने त्याच पातीची चटई विणली होती, जागोजागी काळे डाग पडलेली. बाळ चटईवर पाय झाडत होतं आणि जिस्लेनचं तोंड उतरलं होतं.

"आई, बाबांच्या केवड्याची चटई, आणि ती अशी?"

आंसेल्मला राहवलं नाही. "माझ्यामुळे झालं ते, पोरी. माझं झाड वाचवायला तुझ्या आईने पात पावसात ठेवली."

"झाड?" एदोक्सी बाळाचं झबलं सारखं करत म्हणाली. तिने मान वर केली नाही. "झाडाचं मला काय करायचंय? जाळी गेली असती, तर हा माणूस रोज चहाला आला असता का?"

आंसेल्मच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जिस्लेनने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि ती चटईच्या कडेला सरकली, त्याला बसायला जागा करून देण्यासाठी.