म्हाळसाबाईच्या तोंडचं वाक्य

उदयसिंहरावांना लिहायला वेगळी खोली होती. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये बायकोनं पुस्तकांची कपाटं, फिरती खुर्ची, सगळं हौसेनं करून दिलेलं. पण हे महाशय लिहायचे स्वयंपाकघरात. सकाळी आंघोळ उरकली की जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसायचे. ओट्यापाशी स्वयंपाकाची म्हाळसाबाई भाकऱ्या थापत असायची, आणि हे विचारायचे, "मग, अंकिता गेली त्या दिवशी काय झालं?"

रोज तेच. म्हाळसाबाई केम गावची. तिची एकुलती लेक अंकिता एका पोराबरोबर निघून गेली, ती गेलीच. बाईकडं मोबाईल नव्हता. लेकीनं कधी चौकशी केलीच तर असावा म्हणून तिनं गावात भावकीकडं साहेबांचा नंबर देऊन ठेवलेला. आल्या आल्या विचारायची, "साहेब, फोन आलता का वो?" साहेब नाही म्हणायचे. मग ती लेकीचं बोलायची, बोलता बोलता रडायची, आणि इकडं पेन सुसाट सुटायचं. एखाद्या दिवशी बाई जरा हसतमुख आली की साहेबांची चिडचिड. मग मुद्दाम म्हणायचे, "विसरली असेल हो पोरगी तुम्हाला." काय म्हणावं अशा माणसाला! आणि सभांमधून याच माणसाला लोक मातीतला लेखक म्हणून हार घालत होते.

पौषात अंकिताचा फोन आला.

"आईला सांगा, पुण्यात हाय मी. सातवा म्हैना लागलाय. बाळंतपणाला यील का, एवढंच इचारा की."

कादंबरी तेव्हा ऐन रंगात आली होती. लेकीची वाट बघून बघून खचलेली आई, त्यावरच शेवटची प्रकरणं उभी होती. आता ही बया पुण्याला गेली आणि नातू मांडीवर घेऊन हसत बसली, तर लिहायचं काय, डोंबल? उदयसिंहरावांनी आपल्याच कादंबरीतल्या आईचं वाक्य अंकिताला ऐकवलं.

"आई म्हणते, माझी लेक मेली. परत फोन करू नकोस."

पलीकडून फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाईनं विचारलं, यांनी नाही म्हटलं, आणि ती इतकी रडली की ते प्रकरण एका बैठकीत हातावेगळं झालं.

उन्हाळ्यात कादंबरी प्रकाशकाकडं गेली, आणि साहेबांना एकदम दया आली. "काल तुमच्या लेकीचा फोन आला होता," असं खुशाल ठोकून देऊन त्यांनी नंबर लावला, स्पीकर चालू केला. बाईचे हात पिठाचे. तव्यावर भाकरी. तोंडावर असा आनंद, की बघवेना.

"अंके, मी आई गं."

"आता कशाला केलास?" अंकिताचा आवाज थंड होता. "बाळ ऱ्हायलं न्हाय. दवाखान्यात माज्याजवळ कुनी न्हवतं. माझी लेक मेली, असं तूच सांगितलंस न्हवं? मग मेलेल्या लेकीला फोन कशाला करतीस?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तिनं उचलला नाही.

म्हाळसाबाई उदयसिंहरावांकडं बघत राहिली. "साहेब, मी असं कवा म्हनलं वो?"

उदयसिंहरावांनी तव्याकडं बोट केलं.

"भाकरी करपतीय, बघा."

आणि ती सवयीनं वळली, भाकरी उलटली.