टेकू काढताना

“नाही म्हणून मोकळे व्हा,” मी म्हणाले. “एवढं काय अवघड आहे त्यात?”

नर्सबाई आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या आणि हे दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत उभे होते. यांना गल्लीत सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उठतेय का बघायला गवंडी दोरीला बांधलेला जो लोखंडी गोळा सोडतो, तो ओळंबा. आमचे हे तसेच, सरळ आणि मुके. एवढ्या वर्षांच्या संसारात भांडणं सगळी मी एकटीनंच केलीत, दोघांच्या वाटची.

“त्यांचं त्यांना ठरवू द्या ना,” नर्सबाई म्हणाल्या.

“ठरवायचंय काय त्यात? माझा भाऊ गेलाय त्या लोकांच्या हातून. आणि यांनी जाऊन त्यांच्यासाठी भिंतीत दार काढायचं?”

नर्सबाई सरकारी दवाखान्यातल्या. त्या आमच्यातल्या नाहीत आणि त्यांच्यातल्याही नाहीत, त्यामुळे दोन्हीकडच्यांना त्यांच्यावर तोंडसुख घ्यायची मोकळीक होती. वर्षभर या बाईनं शहराला वळसा घालून इकडचे निरोप तिकडे आणि तिकडचे इकडे पोचवले, तेही मधल्या शिव्या गाळून. शेवटी दोन्हीकडचे म्हातारे एका गोष्टीला राजी झाले. भिंतीत एक दार काढायचं, त्यांच्या एका आणि आमच्या एका गवंड्यानं मिळून. दवाखाना आमच्या बाजूला राहिला होता आणि शाळा त्यांच्या. त्यांच्या बायका वळसा घालून येता येता रस्त्यातच बाळंत होत होत्या, आणि आमची पोरं घरात बसून एकमेकांची डोकी फोडत होती.

आता त्या भिंतीचं सांगते. माझा धाकटा भाऊ यांच्या हाताखाली काम करायचा. दंगल उसळली त्या दुपारी तो पलीकडच्या वस्तीत एका घराचा गिलावा करत होता. कालवलेलं सिमेंट वाळून जाईल म्हणून काम अर्धं सोडून निघाला नाही. एरवी अंघोळीला जा म्हणून त्याच्या मागे लागावं लागायचं, आणि नेमका त्याच दिवशी एवढा कामसू झाला. घरी आला तो दुसऱ्यांच्या खांद्यावरून. कुणी मारलं ते कळलंच नाही. नाव कळलं असतं तर एकाचा राग केला असता. कळलं नाही म्हणून सगळ्यांचा केला.

मग आमच्या वस्तीतला दादा माणसं घेऊन आला आणि यांना म्हणाला, “रस्ता बंद करायचाय. भिंत घाल.” हे गेले. हाताखाली कुणी उरलं नव्हतं, म्हणून माल मी कालवला. वाळू-सिमेंटच्या चिखलाला गवंडी माल म्हणतात. तो मी रडत रडत कालवला. भिंत उभी राहिली तशी पलीकडच्यांनी तिला चिकटून त्यांच्या बाजूनं दुसरी उठवली, आमच्यापेक्षा हातभर उंच. उठवेनात का. त्या भिंतीमुळे मला झोप लागायला लागली होती. ती होती म्हणून माझे दिवस जात होते, खरं सांगते. ती फोडायचा विषय निघाला तरी मी कानांवर हात ठेवायचे.

“मी करतो,” हे एकदम म्हणाले.

“काय?” मी म्हणाले.

“अगं, भिंत घालायची तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. घाल म्हणाले, घातली. आता या विचारायला आल्यात. नाही म्हटलं तरी उठून जातील, मला कुणी काही करणार नाही. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा विचारतंय, म्हणून मी नीट विचार केला. मी करतो.”

हे एका दमात एवढं बोललेलं मी लग्नापासून ऐकलं नव्हतं. नर्सबाई गेल्यावर मी यांच्याशी बोलणं टाकलं. ही शिक्षा यांना कितपत लागू पडली देव जाणे. मी बोलत नाहीये हे लक्षात यायलाच यांना वेळ लागला असणार.

काम सुरू झालं तरी मी तिकडे फिरकले नाही. शेवटी न राहवून एका दुपारी डबा घेऊन गेले. डबा निमित्ताला, जायचं होतं ते भांडायला. वाटेत चार वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

भिंतीपाशी हे एकटेच होते. उभ्या भिंतीत दार काढायचं म्हणजे आधी वरचा भार पेलून धरावा लागतो. वर भोकं पाडायची, त्यांतून लाकडी तुळया आरपार घालायच्या आणि प्रत्येक तुळईला दोन्ही बाजूंनी खालून टेकू द्यायचे. टेकूंखाली पाचरी ठोकून ते घट्ट करायचे आणि मगच खालच्या विटा फोडायच्या. एका बाजूचा टेकू जरी ढिला पडला, तर भिंत खाली असलेल्याच्या अंगावर येते. पलीकडच्या बाजूला त्यांचा गवंडी होता. यांनी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

“घे,” हे भोकाजवळ तोंड नेऊन म्हणाले आणि तुळई पुढे सरकवली.

“आली,” पलीकडून म्हातारा आवाज आला, त्या लोकांच्या हेलाचा. “थांब जरा. बसू दे. हं, टेकू लागला. सोड आता.”

आणि यांनी सोडली. दोन्ही हात काढून घेतले आणि त्या तुळईच्या खाली उभं राहून वरच्या विटांकडे बघत राहिले, ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाच्या शब्दावर. जुळवून आणलेली वाक्यं जागच्या जागी विरली. या माणसाला धड भाजी आणता येत नाही म्हणून मी आयुष्यभर घालूनपाडून बोलत आले होते. आणि हा माणूस एवढा मोठा होता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग माझी नजर खाली गेली.

“हा माल कुणी कालवला?”

“मीच.”

“दिसतंय.” डबा बाजूला ठेवून मी फावडं उचललं. त्या लोकांसाठी नाही हं. वाईट माल मला बघवत नाही, एवढंच.

तशी मग रोजच जात राहिले. दाराच्या कडा बांधायला घेतल्या तेव्हा विटा त्यांच्याकडून आणि माल आमच्याकडून असं ठरलं होतं. एकदा घमेलं भरून पलीकडे दिलं, तर थोड्या वेळानं आवाज आला, “माल पातळ आहे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “त्यांना म्हणावं, एवढं कळतं तर स्वतः कालवून घ्या.”

हे गालातल्या गालात हसले. मी तणतणत जाऊन बघितलं, तर होताच पातळ. रागात पाणी जास्त पडतं. दुसरं घमेलं घट्ट कालवून दिलं. टेकूंच्या आडून एक हात आला, माल चिमटीत घेऊन चोळला, आणि ठीक आहे अशी खूण करून मागे गेला. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं होतं. हातोडा चुकून बसला की गवंड्याचं नख तसं होतं. रात्रभर ठणकतं ते. हे मला माहीत होतं आणि ते आठवावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

दाराच्या डोक्यावर वरचा भार पेलणारी सिमेंटची आडवी लिंटल बसली, पाणी मारून मारून पक्की झाली, आणि टेकू काढायचा दिवस आला. भर उन्हात दोन्ही बाजूंना माणसं जमली. दाराएवढी मोकळी जागा मध्ये झालेली, पण तिथून पलीकडे कुणी पाऊल टाकलं नव्हतं. आमचे लोक त्यांच्याकडे बघत होते, ते आमच्याकडे. वर्षभरात सगळेच वाळले होते.

यांच्या उस्तादाची एक शिस्त होती. टेकू निघताना गवंड्यानं स्वतः खाली उभं राहायचं. काम चोख असेल तर भीती कसली, आणि नसेल तर ज्यानं केलं त्याच्याच डोक्यावर येऊ दे. हे आजवर आपल्या प्रत्येक दाराखाली उभे राहिलेत. आताही गेले. तेवढ्यात पलीकडून एक ठेंगणा, पाठीत वाकलेला म्हातारा आला आणि यांच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या उस्तादानंही तेच शिकवलेलं असावं. जागा अरुंद, दोघांचे खांदे एकमेकांना घासत होते. दोघांनी वर बघितलं, मग एकमेकांकडे, आणि जरा मान हलवली.

पाचरी उडवायला दोन्हीकडे एकेक माणूस लागतो, आणि घाव एकाच वेळी पडावे लागतात. एकीकडचा टेकू आधी निघाला तर तुळई कलते आणि वरचं काम उचकटून खाली येतं. पलीकडे म्हाताऱ्याची सून हातोडा घेऊन तयार होती. इकडे पाचरी उडवायचं काम नेहमी माझ्या भावाचं असायचं. नर्सबाईंनी आमच्या पोरांकडे बघितलं, पोरांनी दादाकडे.

“आमच्यातलं कुणी हात लावणार नाही,” दादा म्हणाला. “पडली तर उद्या आमच्या नावानं बोंब.”

हे माझ्याकडे बघत होते. “तू मारशील?”

“मी?”

“तुला येतं.”

“येतं ते येतं. पण मी का मारू?”

“नको मारू मग.” यांच्या आवाजात काही फरक पडला नाही. “आम्ही खालून विटा भरून घेतो. संध्याकाळपर्यंत भिंत होती तशी होईल. तू ठरव.”

म्हाताऱ्यानंही मान डोलावली. “भरता येईल,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमच्या भावाचं नर्सबाईंनी सांगितलंय मला.”

एवढंच. माफी मागितली नाही, समजूत घातली नाही. मी कोण ते त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो तिथून हलला नाही.

मी हातोडा घेतला. कुठली पाचर आधी उडाली की वरच्या विटा कुणाच्या अंगावर येतात, हे मला न बघता सांगता आलं असतं. म्हाताऱ्यालाही सांगता आलं असतं. माझं लग्न वडिलांनी ठरवलं. भाऊ कुणी नेला ते कळलंसुद्धा नाही. भिंत दादानं घालायला लावली. काय हवं म्हणून मला कधी कुणी विचारलं नाही, आणि आज दोन वस्त्या माझ्या हाताकडे बघत उभ्या होत्या. मला भाऊ हवा होता. तो काही भिंतीनं येणार नव्हता आणि दारानंही नाही. हे इतकं उघड होतं, तरी वर्षभर मी त्या भिंतीपाशी जणू त्याचीच वाट बघत बसले होते.

“सूनबाई,” मी हाक मारली. पलीकडची ती पोर दचकली. माझ्यापेक्षा बरीच लहान होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. “वर बघू नको, माझ्याकडे बघ. मी हं म्हटलं की.”

तिनं मान हलवली.

“हं.”

दोन घावांचा एकच आवाज झाला. मधल्या पाचरी उडाल्या, तिथले टेकू आडवे झाले, तुळई भोकात थोडी सैल होऊन करकरली. वरून सिमेंटची धूळ त्या दोघांच्या केसांवर पडत राहिली. भिंत जागची हलली नाही. मला वाटलं होतं लोक ओरडतील, टाळ्या पिटतील. कुणी काही केलं नाही. माझ्या मागे एक म्हातारी तेवढी हुंदका देऊन रडली.

धुळीत दोघांना दिशा कळली नसावी. हे पुढे निघाले ते पलीकडे बाहेर पडले, आणि म्हातारा डोळे चोळत आमच्या बाजूला, माझ्या पुढ्यात.

“बाजूच्या पाचरी राहिल्यात अजून,” तो म्हणाला. “द्या तो.”

मी हातोडा त्याच्या हातात दिला. तो माझ्याकडे आणि आमच्या सगळ्या पोरांकडे पाठ करून वाकला आणि कामाला लागला. पलीकडे हे सुनेच्या हातून हातोडा घेत होते. माणसं नुसती बघत होती.

मला रिकामं उभं राहवेना. फुटक्या विटा वाटेतच पडलेल्या होत्या, कुणी आलंगेलं तर ठेचकाळणार. मी घमेलं ओढलं आणि राडारोडा भरला, अगदी काठोकाठ. भरलेलं घमेलं एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्या बाजूनं कुणीतरी उचलून द्यावं लागतं. मी सवयीनं मान वळवली, आणि तिथं माझा भाऊ नव्हता.

म्हाताऱ्यानं हातोडा खाली ठेवला. येऊन वाकला आणि घमेल्याचा पलीकडचा काठ दोन्ही हातांनी धरला.

“धरलं,” तो म्हणाला. “उचला.”