सहा आकडे

बायको घरी बसून लोकांच्या वेबसाइट सांभाळायची. नवीन शिकणाऱ्यांसाठी ती स्वतःच्या साइटवर कामाच्या युक्त्या लिहायची. दवाखान्यात लिहिलेले शेवटचे सोळा लेख मात्र तिच्या खात्यातच पडून राहिले, लोकांसमोर आलेच नाहीत. ती साइट ज्या जुन्या सर्व्हरवर होती, तो आज संध्याकाळी सहाला कायमचा बंद होणार होता.

मेव्हणीही त्याच कामातली. वहीत सापडलेला पासवर्ड तिने टाकला आणि तो चालला. मग सहा आकड्यांचा कोड मागणारी चौकट आली.

"भाऊजी, हा कोड ताईच्या फोनमधल्या अ‍ॅपवर दिसतो. कुठाय तिचा फोन?"

मी हातातला पुढे केला. ती गेल्यावर माझा पडून फुटला, तेव्हा तिचा सगळा पुसून मीच वापरायला घेतला होता.

"पुसलात? धन्य आहात तुम्ही!"

सर्व्हरवाल्या कंपनीला फोन केला. खातेदाराशीच बोलू, म्हणाले.

मेव्हणी निदान साइटवर दिसणारे लेख तरी उतरवून घ्यायला लागली. एका लेखाशी ती थबकली. मी वाकून वाचलं. 'फोन पुसण्याआधी कोडचं अ‍ॅप दुसऱ्या फोनवर घ्या. आमच्या ह्यांना शंभरदा सांगून झालंय.'

सहाला दहा मिनिटं होती.

"तिची जन्मतारीख टाकून बघ ना," मी म्हणालो.

"भाऊजी, तो कोड दर अर्ध्या मिनिटाला बदलतो."

"तरी टाक."

तिने वाद घातला नाही. माझ्याकडे न बघता एकेक आकडा दाबला.